निरीक्षण, अनुमान आणि मधली रेघ

आजचा विषय जाहीर झाल्यावर काहींनी आयोजकांना विचारलं म्हणे, की तत्त्वज्ञानाच्या माणसाला परीक्षानळी कशाला हवी? प्रश्न रास्त आहे. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, रसायनशास्त्र नव्हे. तरी शाळेच्या पुस्तकातला एक धडा आम्हाला फार वर्षं खुणावतो आहे. 'भौतिक बदल आणि रासायनिक बदल'. सातवी-आठवीत तो येतो, पुढच्या इयत्तांत अधूनमधून पुन्हा डोकावतो. बर्फ वितळणं भौतिक, लोखंड गंजणं रासायनिक. कागद फाडणं भौतिक, जाळणं रासायनिक. तुम्ही-आम्ही सगळ्यांनीच हे पाठ केलेलं आहे.

आता जरा थांबून पाहा. 'ही वस्तू तीच राहिली, की दुसरी झाली?' हा प्रश्न शाळा मुलाच्या हाती पहिल्यांदा देते ती या धड्यात. तत्त्वज्ञानातल्या सगळ्यात जुन्या प्रश्नांपैकी हा एक. शाळा तो देते, आणि दोन तासिकांत 'जोड्या लावा' करून परत काढून घेते. आमची तक्रार याबद्दल आहे. पण तक्रार नीट मांडायची तर धड्यातले प्रयोग एकेक करून पाहायला हवेत, नुसत्या वरवरच्या टीकेनं भागणार नाही.

आधी प्रयोगवहीकडे बघू. उद्देश, साहित्य, कृती, आणि मग एकाखाली एक दोन शब्द: निरीक्षण, अनुमान. न्यायशास्त्र शिकवलेल्या माणसाला हे दोन शब्द असे शेजारी दिसले की बरं वाटतं. प्रत्यक्ष आणि अनुमान! दोन प्रमाणं, आणि त्यांच्यामध्ये एक रेघ. ही रेघ ओलांडायला काय लागतं यावर आपल्याकडे शतकानुशतकं वाद झाले. जे दिसलं आणि जे सिद्ध करायचं त्यांचा न चुकणारा संबंध लागतो, त्याला व्याप्ती म्हणतात. वहीत मात्र ती रेघ पट्टीनं मारलेली असते आणि मूल ती उडी मारून ओलांडतं. पुष्कळदा उलट्या दिशेनं! अनुमान आधीच फळ्यावर असतं, त्याला शोभेल असं निरीक्षण वर लिहायचं.

धड्याची व्याख्या अशी: नवा पदार्थ तयार झाला नाही तर बदल भौतिक, वेगळ्या गुणधर्मांचा नवा पदार्थ तयार झाला तर रासायनिक. व्याख्या म्हणून वाईट नाही. अडचण एवढीच, की 'नवा पदार्थ' डोळ्यांना दिसत नाही. दिसतो रंग, दिसतात बुडबुडे, हाताला लागते उष्णता, तळाशी बसतो साका. म्हणून पुस्तक खुणा देतं. रंग बदलला, वायू निघाला, उष्णता बाहेर पडली किंवा आत गेली, अवक्षेप आला, आणि सगळ्यात लाडकी खूण म्हणजे बदल उलटवता येत नाही. या झाल्या न्यायाच्या भाषेत लिंगं, हेतू. आणि हेतू म्हटला की त्याला व्यभिचार आहे का, म्हणजे हेतू आहे पण साध्य नाही असं कुठं होतं का, हे तपासावंच लागतं.

नैयायिकांचं एक उदाहरण इथं फार उपयोगी आहे. डोंगरावर धूर दिसला म्हणून आग आहे, हे चालतं. फिरवून म्हटलं, आग आहे म्हणून धूर असणारच, तर चालत नाही. का? तर तापवून लाल केलेला लोखंडाचा गोळा, अयोगोलक. तिथं अग्नी आहे, धूर नाही. धुरासाठी आगीबरोबर ओलं सरपण लागतं. अशी आडून लागणारी अट म्हणजे उपाधी. गंमत बघा, हेच तापलेलं लोखंड आपल्या धड्यातही येतं. लोखंड तापवलं, लाल झालं, निवल्यावर पूर्ववत, म्हणून भौतिक बदल. आता कुठल्याही लोहाराला विचारा. भट्टीतून काढलेल्या लाल लोखंडावर काळी खपली धरते, घण बसला की ती उडते. ते लोखंड राहिलेलं नसतं, लोखंडाचं ऑक्साइड असतं. धड्यातलं बिनधोक उदाहरणही भट्टीपाशी नेलं की गळायला लागतं.

बाकीच्या खुणा भराभर पाहू, त्यांत फार दम नाही. रंगाचं म्हणाल तर पांढरं झिंक ऑक्साइड तापवा, पिवळं होतं. निवलं की पांढरं. पुस्तकांच्या हिशेबात हा भौतिक बदल. बुडबुड्यांचं म्हणाल तर सोड्याची बाटली उघडा. अवक्षेप हवा असेल तर गरम पाण्यात तुरटी भरपूर विरघळवून ते पाणी थंड करा, तळाशी खडे दिसतील. किंवा स्पिरिटमध्ये कापूर विरघळवून त्यात पाणी ओता, पांढरं फटक होईल. उष्णतेबद्दल तर बोलायलाच नको. एक ग्रॅम बर्फ वितळवायला सुमारे ८० कॅलरी लागतात, आणि बर्फ वितळणं हे तर भौतिक बदलाचं पहिलं उदाहरण! अशा वेळी पुस्तकं 'सामान्यतः', 'बहुधा' असे शब्द पेरतात. शब्द प्रामाणिक आहेत. पण परीक्षेच्या कागदावर 'बहुधा'ला गुण नसतात.

आता उलटवता येण्याची खूण. इथं आम्हाला जरा रेंगाळायचं आहे, कारण सगळ्यात जास्त घट्ट बसलेली आणि सगळ्यात जास्त फसवी खूण हीच. आधुनिक रसायनशास्त्राचा पाया घालणाऱ्या प्रयोगांपैकी एक घ्या. लव्हॉझिए, पॅरिस. १७८९ साली निघालेल्या त्याच्या ग्रंथात हा प्रयोग आहे. त्यानं पारा बंदिस्त हवेत, उकळीच्या जवळपास, बारा दिवस तापत ठेवला. हवा होती सुमारे ५० घन इंच. पाऱ्यावर लाल कण जमू लागले आणि हवा सात-आठ घन इंचांनी कमी झाली. उरलेल्या हवेत ज्योत विझायची. मग त्यानं ते लाल कण वेगळे केले. वजन भरलं ४५ ग्रेन. ते आणखी जोरात तापवले. साडेएकेचाळीस ग्रेन पारा परत मिळाला, आणि निघाला सात-आठ घन इंच वायू, ज्यात मेणबत्ती झगझगून जळत होती. पुढं त्यानं हा वायू उरलेल्या हवेत मिसळला, तर नेहमीसारखी हवा तयार झाली.

म्हणजे काय झालं? बदल झाला, तो उलटवला, आणि उलटवता आला म्हणूनच तो समजला. हवेतलं काहीतरी पाऱ्याला जाऊन मिळालं होतं हे त्यानं ते परत काढून दाखवलं. रासायनिक बदल परत फिरत नाही असं त्याला कुणी शाळेत शिकवलं असतं तर बहुधा त्यानं परत तापवण्याचे कष्ट घेतले नसते! (पाऱ्याचा हा प्रयोग शाळेत करू नये, वाफ विषारी असते. पण गोष्ट म्हणून सांगायला काय हरकत आहे? आम्हाला तर ती कुठल्याही पुराणकथेइतकी रंगतदार वाटते.)

दुसरी गोष्ट बर्तोले याची. हा लव्हॉझिएचा सहकारी, नेपोलियनबरोबर १७९८ साली इजिप्तला गेला. तिथल्या नेट्रॉन सरोवरांच्या काठी त्याला सोड्याचे थर दिसले. मीठ आणि चुनखडी एकत्र येऊन तिथं सोडा तयार होत होता. युरोपातल्या प्रयोगशाळेत माहीत होतं ते नेमकं उलट, की सोडा घातला की चुनखडी खाली बसते आणि मीठ द्रावणात राहतं. मीठ आणि चुनखडी प्रचंड प्रमाणात असली तर गाडी उलटी चालते, हे त्याच्या ध्यानात आलं. पुढं १८८४ साली व्हान्ट हॉफनं अशा बदलांसाठी दोन्ही दिशांचे बाण वापरले. आजही अकरावी-बारावीच्या मुलांना ते दुहेरी बाण शिकवतो. म्हणजे सातवीत सांगायचं, रासायनिक बदल उलटत नाही; आणि चार वर्षांनी सांगायचं, तत्त्वतः बहुतेक सगळे उलटू शकतात, परिस्थिती जुळायला हवी. मधल्या चार वर्षांत त्या मुलाचं जे काय झालं असेल ते झालं.

इतकं लांब जायचीही गरज नाही. मोरचूद घ्या. निळे खडे परीक्षानळीत तापवले की नळीच्या वरच्या, थंड भागावर पाण्याचे थेंब जमतात आणि खाली पांढरी पूड उरते. शंभर ग्रॅम मोरचुदातून जवळपास ३६ ग्रॅम पाणी जातं. पुडीवर पाण्याचे चार थेंब टाका. निळा रंग परत येतो, आणि नळी हाताला गरम लागते. वर्गात हमखास एखादा हात वर होतो, "सर, हे तर परत झालं. मग भौतिक ना?" किंवा चुना. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना, पाणी घातलं की फसफसून विरतो, भिंतीला फासला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा चुनखडी. पूर्ण वर्तुळ! उलट काच फुटणं, गहू दळले जाणं हे भौतिक. पीठ पुन्हा गहू करून दाखवा म्हणावं.

इथपर्यंत आम्ही खुणांबद्दल बोललो. पुस्तकाचं उत्तर बरोबर, खूण कच्ची, एवढंच आतापर्यंत दिसलं. पण काही ठिकाणी उत्तरच तपासावं लागतं. आमचं आवडतं उदाहरण नवसागराचं.

मीठ आणि नवसागर यांचं मिश्रण बशीत घ्यायचं, वर नरसाळं उलटं ठेवायचं, नरसाळ्याच्या तोंडाला कापसाचा बोळा लावायचा आणि खालून तापवायचं. नरसाळ्याच्या आतल्या बाजूला पांढरा थर जमतो, मीठ बशीत राहतं. कित्येक पिढ्यांनी हा प्रयोग संप्लवन म्हणून केला: स्थायूचा थेट वायू, वायूचा थेट स्थायू, पदार्थ तोच, म्हणून भौतिक बदल. कापूर, आयोडीन, नवसागर अशी यादीच असते. पण नवसागर तापल्यावर नवसागराची वाफ जवळपास होतच नाही. त्याचे दोन वायू होतात, अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड, आणि थंड जागी ते पुन्हा एकत्र येऊन नवसागर होतो. एकोणिसाव्या शतकात रसायनज्ञ या कोड्यानं हैराण झाले होते, कारण वाफेची घनता अपेक्षेच्या निम्मी भरायची. १८६२ साली पेबल यानं सच्छिद्र बोळ्यातून ती 'वाफ' जाऊ दिली आणि दाखवून दिलं की हलका अमोनिया पुढं निघून जातो, जड हायड्रोजन क्लोराइड मागं राहतो. वाफ एक नाही, दोन आहेत.

आणि हे ज्याला कुणी शिकवलं नव्हतं तरी ठाऊक होतं असा एक माणूस पूर्वी आपल्या गल्लीत यायचा. कल्हईवाला. भट्टीवर भांडं तापवायचं, त्यात नवसागराची पूड टाकायची, पांढऱ्या धुराचा लोट उठायचा, नाकाला झोंबायचा, मग कथील फिरवून कापडानं भांडं पुसलं की चांदीसारखं लख्ख. तो नवसागर तिथं काय करत होता? तापून फुटत होता, आणि त्यातून सुटलेल्या आम्लवायूनं तांब्या-पितळेवरचं ऑक्साइड साफ होत होतं. म्हणून कथील धरायचं. नवसागर नुसताच उडून जाऊन परत तसाच जमला असता तर भांड्याला कल्हई बसली नसती. शाळेतल्या यादीत नवसागर भौतिक, शाळेबाहेरच्या रस्त्यावर तोच रासायनिक.

गंधकही असाच. गंधक वितळणं, म्हणजे साहजिकच भौतिक. पण ते हळूहळू तापवून कुणी पाहिलं आहे का? साधारण ११५ अंशांच्या आसपास मधासारखा पिवळा, पातळ रस होतो. आणखी तापवा. तापवल्यावर पातळ व्हायला हवा, तर १६०च्या पुढं लाल-तपकिरी होऊन असा घट्ट होतो की नळी उलटी केली तरी पडत नाही. आणखी तापवल्यावर पुन्हा वाहायला लागतो. तेव्हा थंड पाण्यात ओतला तर रबरासारखा ताणला जातो. काही दिवसांनी तो रबर आपोआप ठिसूळ, पिवळा गंधक होऊन बसतो. आतली गोष्ट अशी, की गंधकाचे आठ-आठ अणू कड्यासारखे बांधलेले असतात. ती कडी तुटून लांबच लांब साखळ्या होतात, त्या एकमेकींत गुंततात. बंध तुटले, नवे जुळले. नवा पदार्थ झाला का? मूलद्रव्य तर तेच, गंधक. रंग वेगळा, चिवटपणा वेगळा, रेणू वेगळे. 'जोड्या लावा'मध्ये हा कुठल्या रकान्यात टाकायचा? आम्हाला विचाराल तर कुठल्याच नको. तो वर्गासमोर करून दाखवावा आणि मुलांना भांडू द्यावं. फक्त गंधक पेटणार नाही आणि खोली मोकळी राहील एवढं शिक्षकानं पाहावं.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हे व्याख्यान द्यायला तयार झालो ती. लोहकीस आणि गंधक यांचा प्रयोग तुम्हाला आठवत असेल. सात भाग लोखंडाचा कीस, चार भाग गंधक. नुसतं मिश्रण असताना चुंबक फिरवला की कीस वेगळा निघतो. तापवल्यावर काळा गोळा होतो, त्याला चुंबक ओढत नाही, म्हणून तो नवा पदार्थ, आयर्न सल्फाइड. सुंदर प्रयोग आहे. आता एका शाळेतली, शाळेचं नाव घ्यायचं कारण नाही, एका मुलीची वही आमच्या पाहण्यात आली होती. तिनं निरीक्षणात लिहिलं होतं: 'तापवल्यानंतरचा काळा पदार्थ चुंबकाकडे थोडा ओढला गेला.' त्यावर लाल शाईची फुली, आणि बाजूला शिक्षकांच्या अक्षरात 'ओढला गेला नाही'. मुलीनं पुढच्या पानावर ते वाक्य सुवाच्य अक्षरात सुधारून लिहिलं होतं.

पण त्या मुलीनं पाहिलं ते खरं असण्याचीच शक्यता जास्त! शाळेतल्या प्रयोगात प्रमाण नेमकं जमत नाही, उष्णता सगळीकडे पोचत नाही, कीस उरतो. शिवाय लोखंडाचं प्रमाण किंचित कमी असलेलं सल्फाइड स्वतःच चुंबकाला ओढलं जाऊ शकतं. ती जे लिहीत होती त्यात तीन चांगले प्रश्न दडलेले होते. कीस उरला का? गोळा फोडून आतला आणि बाहेरचा भाग वेगवेगळा तपासला तर? विरल आम्ल टाकून वास घेतला तर? (नुसत्या लोखंडातून बिनवासाचा हायड्रोजन निघतो, सल्फाइडमधून कुजक्या अंड्याचा वास येतो. वास अगदी दुरून आणि क्षणभर घ्यावा, तो वायूही विषारी आहे.) या तिन्ही प्रश्नांवर एक फुली मारली गेली. तेरा-चौदाव्या वर्षी तिला शिकवलं गेलं की डोळ्यांनी पाहिलं ते आणि वहीत लिहायचं ते यांत फरक पडला तर डोळे दुरुस्त करायचे. यात त्या शिक्षकांना एकट्याला दोष देणं आम्हाला योग्य वाटत नाही. साठ मुलांचा वर्ग, पस्तीस मिनिटांची तासिका, एक चुंबक. पण वही तपासायची ती रीत सगळीकडे तीच आहे, आणि ती बदलायला ना साहित्य लागतं ना अनुदान.

कुणी म्हणेल, खुणा सोडा, पक्की कसोटी द्या. बंध तुटले-जुळले की रासायनिक, नाही तर भौतिक. मग मीठ पाण्यात विरघळण्याचं काय करायचं? पुस्तक म्हणतं, भौतिक. पाणी आटवलं की तेच मीठ परत. 'तेच' हा शब्द लक्षात ठेवा. अरिनियसनं १८८०च्या दशकात मांडलं की मिठाच्या द्रावणात सोडियमचे आणि क्लोरीनचे आयन मोकळे फिरत असतात. मिठाच्या खड्यातली घट्ट बांधणी तिथं उरत नाही. आता एक कल्पना करा. एका भांड्यात सोडियम क्लोराइड आणि पोटॅशियम नायट्रेट विरघळवलं. दुसऱ्या भांड्यात पोटॅशियम क्लोराइड आणि सोडियम नायट्रेट. प्रमाण नेमकं जुळवून. दोन्ही द्रावणं अगदी सारखी! जगातला कुठलाही रसायनज्ञ सांगू शकणार नाही की कुठल्या भांड्यात काय टाकलं होतं. आटवताना कोणता क्षार आधी बाहेर येईल हे तापमानावर आणि विद्राव्यतेवर ठरतं. याच युक्तीनं पूर्वी बंदुकीच्या दारूसाठी सोरा बनवत. मग 'तेच मीठ परत आलं' याचा अर्थ काय? तसंच मीठ आलं, हे खरं. तेच आलं, हे कसं म्हणणार?

इथं आपल्या जुन्या पंडितांची आठवण येते. कच्चा घट काळसर असतो, आव्यात भाजला की लाल होतो. वैशेषिकांचं म्हणणं, अग्नीनं घट परमाणूंपर्यंत मोडतो, परमाणूंचा रंग बदलतो आणि त्यांचा पुन्हा नवा घट जुळतो. हा पीलुपाकवाद. नैयायिक म्हणाले, छे, घट मोडलेला कुणी पाहिला? आव्यात डोकावलं तर घट जागच्या जागी दिसतो, त्याच्यावर ठेवलेली वस्तू खाली पडत नाही, आणि बाहेर काढल्यावर 'हा तोच घट' अशी ओळख पटते. अग्नी रंध्रांतून आत शिरतो आणि सगळा घट जसाच्या तसा भाजतो. हा पिठरपाकवाद. यावरून आपल्याकडे रसायनशास्त्र आधीच होतं असं कुणी म्हणू लागलं तर आम्ही उठून जाऊ. त्यांनी भट्टीत वजन केलं नव्हतं, परमाणू त्यांनी तर्कानं मानले होते. पण त्यांना एक गोष्ट स्पष्ट दिसली होती. 'तोच' म्हणण्यासाठी कारण द्यावं लागतं, आणि दोन पक्षांची कारणं वेगळी असू शकतात. एकाचा आधार दिसणं, ओळखणं. दुसऱ्याचा आधार आतली घडण. शाळेचा धडा या दोन्ही पक्षांची वाक्यं उसनी घेतो आणि वाद मात्र पुसून टाकतो.

कुंभाराकडे याला साधी चाचणी आहे. वाळलेला कच्चा घट फुटला तर तुकडे पाण्यात टाकायचे, रात्रीत पुन्हा चिखल होतो. भाजलेलं खापर टाका, हजार वर्षं पडलं तरी चिखल होत नाही. उत्खननांत मिळतात ती खापरंच. वाळणं आणि भाजणं, दोन्हीत पाणीच जातं. पण भाजताना, पाचशे-सहाशे अंशांच्या आसपास, मातीच्या घडणीतच बांधलेलं पाणी सुटतं आणि ती घडण मोडते. वर्गात एक कच्ची पणती, एक भाजलेली पणती आणि एक बादली पाणी. एवढ्यात तो सगळा वाद मुलांच्या डोळ्यांसमोर येतो.

आता नेहमीचा आक्षेप. "सर, बारा वर्षांच्या पोरांना एवढं कशाला? आधी ढोबळ शिकू द्या, बारकावे मागाहून." आम्ही ढोबळाच्या विरोधात नाही. बर्फ आणि गंज यांतला फरक ढोबळच आहे आणि तो खरा आहे. पण ढोबळ म्हणून सांगणं वेगळं आणि पक्कं म्हणून सांगून गुण देणं वेगळं. आणि बारकावे मुलांना आपणच दाखवावे लागतात हा समजही खरा नाही. मोरचूद निळा झाल्यावर हात वर करणारा मुलगा बारकावा घेऊनच आलेला असतो. त्याला 'अपवाद आहे, पुढं चला' म्हणून बसवलं जातं.

या धड्यात एक जागा मात्र आम्हाला मनापासून आवडते. मेणबत्ती. बहुतेक पुस्तकं कबूल करतात की मेणबत्ती जळताना दोन्ही बदल एकदम होतात. मायकेल फॅरेडेनं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली, १८६०-६१च्या नाताळात, आणि त्यांचं पुस्तकही झालं. त्यातला एक प्रयोग कुठल्याही शाळेत जमतो. ज्योतीच्या मध्यात, वातीजवळच्या काळसर भागात, काचेच्या वाकवलेल्या नळीचं एक टोक धरायचं. दुसऱ्या टोकातून पांढरी वाफ बाहेर येते, तिला काडी लावली की तिथं दुसरी छोटी ज्योत पेटते. म्हणजे वातीपाशी मेण अजून मेणच आहे, फक्त वाफ झालेलं. जळतं ते त्याच्या बाहेर. भौतिक कुठं संपलं आणि रासायनिक कुठं सुरू झालं हे इथं व्याख्येनं ठरलं नाही, नळीचं टोक सरकवून ठरलं. टोक ज्योतीच्या वरच्या उजळ भागात नेलं तर काळा धूर येतो, आणि तो धूर मेण नव्हे.

दुसरी गोष्ट तराजूची. आमच्या पाहण्यातल्या बहुतेक वह्यांत या धड्याखाली वजनाचा आकडा एकही नसतो. मॅग्नेशियमची फीत जाळतात, डोळे दिपतात, 'पांढरी राख मिळाली, रासायनिक बदल'. झाकण असलेल्या मुशीत, अधूनमधून झाकण किलकिलं करत तीच फीत जाळली आणि आधी-नंतर वजन केलं, तर २४ भागांचे ४० भागांच्या आसपास भरतात. जळून वजन वाढलं! फितीत बाहेरून काहीतरी आलं, हे त्या आकड्यानंतर टाळता येत नाही. नुसत्या प्रकाशानं ते सिद्ध होत नव्हतं.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना आमचं सांगणं छोटं आहे. 'पुढील बदल भौतिक की रासायनिक ते लिहा' याऐवजी एखादा बदल द्या आणि विचारा: पदार्थ तोच राहिला असं म्हणायला तुम्ही काय करून पाहाल, आणि कोणतं निरीक्षण मिळालं तर तुमचं म्हणणं मागं घ्याल? तपासायला वेळ जास्त लागेल, हे आम्हाला कळतं. मग वर्षातून असा एकच प्रश्न ठेवा.

आणि शिक्षकांसाठी, उद्याच करण्याजोगं. परीक्षानळीत चिमूटभर नवसागर. नळीच्या मध्यावर काचलोकरीचा सैल बोळा. बोळ्याच्या खाली ओला निळा लिटमस, बोळ्याच्या वर ओला तांबडा लिटमस. खालून हळू तापवा. वरचा तांबडा कागद निळा होतो, खालचा निळा तांबडा होतो. थोडं थांबलात तर वरचाही तांबड्याकडे झुकतो, तेही मुलांना लिहू द्या. आधी काही सांगू नका. वहीत 'अनुमान' हा रकाना त्या दिवशी कोरा राहिला तरी चालेल.

वेळ झाली आहे. प्रश्न घेऊ. मिठाबद्दलचे आधी घेतो, तिथं बऱ्याच जणांच्या भुवया वर गेलेल्या दिसल्या.